गाडी ऑक्टोबरनंतर

शमुवेलभाऊ मरायला वर्षातले सातच महिने तयार असतात.

लोणावळ्यात आमच्या भिंतीला त्यांची भिंत लागून आहे. घरात एकटेच. बायको, रूथ, गेली ती आम्ही इथं राहायला येण्याआधी. सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात, त्यामुळे देवाचा कारभारही टाइमटेबलानं चालतो अशी त्यांची श्रद्धा. "गाडी कधी बी यील. मानसानं फलाटावर असावं," हे त्यांचं पालुपद. दाराशी पत्र्याची ट्रंक. तीत इस्त्रीचा पांढरा शर्ट, टाय आणि स्वतःच्या अंत्यविधीला म्हणायच्या तीन गीतांची यादी. चर्चमधल्या गाणाऱ्यांकडून त्यांनी ती बसवूनही घेतली. मी एकदा ऐकायला गेलो, तर हे पुढच्या बाकावरून ओरडत होते, "अरं, रडक्या सुरात काय म्हनता? मी घरी चाललोय, तुरुंगात न्हाई!"

मनात किल्मिष ठेवून प्रभूपुढं जायचं नाही, म्हणून दर शनिवारी संध्याकाळी ते गल्लीभर माफी मागत फिरतात. एकदा आमच्या हिला म्हणाले, "वैनी, तुमचं लोनचं छान हाय म्हनलो, ते खोटं बोललो. माफी करा." माफी मिळाली नाहीच, उलट आमच्याकडून त्यांना जाणारी भाजीची वाटी पंधरा दिवस बंद झाली.

पण जून उजाडला की हाच माणूस हात धुऊन जगण्याच्या मागे लागतो. कानटोपी, दोन स्वेटर, काढा, गोळ्या घड्याळ लावून. घसरायला नको म्हणून अंगणातसुद्धा उतरत नाहीत. कुणी टोमणा मारलाच तर म्हणतात, "पावसाळ्यात घाटात गाड्या लेट असत्यात."

यंदा ऐन जुलैत त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात मी शेजारी बसलो होतो. पाळक आले, "प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो," अशी प्रार्थना करू लागले. भाऊंनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "इच्छा ठीक हाय, पाळकसायेब. पर तारीख ऑक्टोबरनंतरची मागा."

पाळक गेल्यावर मला राहवलं नाही. "काय भाऊ, एरवी ट्रंक दाखवत फिरता, आणि खरी वेळ आली तर तंतरली?"

त्यांनी खिडकीबाहेरच्या पावसाकडे बोट केलं. मग म्हणाले, "रूथला जुलैत पुरलं. बादल्यांनी उपसलं, तरी खड्ड्यात पानी भरतच व्हतं. तसंच ठिवलं तिला. लय भ्यायची वो ती पान्याला."

मी म्हणालो, "तुमच्या वेळी आपण ताडपत्री बांधू."

"माजं काय, मी पवतो," भाऊ म्हणाले. "पर माजी जागा तिला लागूनच हाय. पावसात खनलं, तर मधली माती ढासळंल अन् तिच्या अंगावर पुन्यांदा पानी यील. एवढी वर्सं झाली. आता कुटं वाळली आसंल ती."

मला माझ्या जिभेची लाज वाटली. गोळीची वेळ झाली होती, ती मी त्यांच्या हातावर ठेवली. तो शनिवार नव्हता, तरी त्यांची माफी मागितली.