अडकलेला माणूस

इमारतीत त्यांना सगळे सुरक्षाकाका म्हणत, तोंडावर आदराने आणि पाठीमागे हसून. निवृत्तीनंतर भूकंपाच्या तयारीचं काम त्यांनी आपणहून अंगावर ओढून घेतलं होतं. जमीन महिन्याआड हलायची आणि तळमजल्याच्या खांबांना चिरा पडल्या होत्या. खांब पालिका मजबूत करून देणार होती. अट एवढीच, की सरावाच्या दिवशी सगळ्यांनी पाच मिनिटांत खाली यायचं. पहिल्या सरावाला काका एकटेच खाली आले, दुसऱ्याला काका आणि पेपरवाला. आज अकरा वाजता तिसरा आणि शेवटचा. तो फसला की इमारतीचं नाव यादीतून कटाप.

"पालिकेच्या बाई नंतर चहाला वर येणार," काकू साडेनऊला म्हणाल्या. "कपाटं भिंतीला बांधा म्हणून गावभर पत्रकं वाटता. आपलं मात्र तीन वर्षं झुलतंय."

हे काकांना लागलं. त्यांनी ड्रिल काढलं आणि तासाभरात लोखंडी कपाट तीन पट्ट्यांनी भिंतीला जखडलं. "आता भूकंप आला तरी हलायचं नाही," असं म्हणून त्यांनी चौथं भोक पाडलं. भिंतीतून पाण्याची चिळकांडी थेट त्यांच्या चष्म्यावर आली.

"आधी पाण्याची चावी बंद करा," काकू म्हणाल्या.

"कुठंय ती?"

"कपाटामागं."

काकांनी कपाटाला खांदा लावला. कपाट ढिम्म.

"काम पक्कं केलंय हो तुम्ही," काकू म्हणाल्या आणि छत गळेल हे सांगायला खालच्या मजल्यावर दाताच्या डॉक्टरांकडे गेल्या.

घोट्याएवढं पाणी साचलं तेव्हा काकांनी पहार घातली, एक पाय भिंतीला लावला आणि होता नव्हता तेवढा जोर काढला. पट्ट्या प्लास्टरसकट उपटल्या. कपाट आडवं झालं, त्याचं एक दार निखळलं आणि इमारत वरपासून खालपर्यंत थरारली. पुढच्याच क्षणी जिन्यावर पावलांचा लोंढा सुटला.

काकांनी चावी फिरवली आणि खिडकी गाठली. खाली अख्खी इमारत उभी होती. डोक्यावर उशी, पायात बूट, हातात पिशवी, अगदी पत्रकात लिहिलं होतं तशी. घड्याळात अकरा वाजून गेले होते. बाहेर उभ्या असलेल्या बाईंना धक्का-बिक्का काही जाणवलाच नव्हता. "दोन मिनिटं चाळीस सेकंद," त्या कौतुकाने म्हणाल्या. तीन वर्षांच्या मेहनतीचं चीज झालं होतं. काकांना भरून आलं.

पण माणूस पडला सरळ. "अहो, ऐका," त्यांनी वरून हाक दिली, "हे आमचं..."

"वर कोण राहिलंय?" बाईंचं पेन यादीवर थबकलं. "एक माणूस कमी? मग सराव नाही हो धरता येणार."

काकूंनी एकदाच वर पाहिलं. त्या नजरेपुढं काका पस्तीस वर्षं गप्प बसत आले होते.

"आमचे हे आहेत," काकू म्हणाल्या. "ते अडकलेत. मुद्दाम ठेवलंय तसं. माणूस सोडवायचा सराव नको का व्हायला?"

बाई खूश झाल्या. "एवढ्या इमारती पाहिल्या, पण हे कुणाला सुचलं नव्हतं. सराव धरला मी. आता सोडवा बघू."

पाचव्या मिनिटाला शेजारी मंडळी काकांना ओल्या कपड्यांसकट कपाटाच्या दारावर आडवं करून दोरीने बांधत होती. गाठी दाताचे डॉक्टर मारत होते. त्यांच्या शर्टावर छतातून गळलेल्या पाण्याचे डाग होते आणि गाठी जरा जास्तच घट्ट बसत होत्या.

"अहो, मला चालता येतं," काका म्हणाले.

"शांत राहायचं, काका," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याच पत्रकात आहे. अडकलेल्या माणसानं बोलायचं नाही, शक्ती राखून ठेवायची."