दोनशे बाराव्या पानापर्यंत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. वाघमारेभाऊंना तपासणीवरून काढून शेडच्या मागच्या रीवर्क टेबलवर, नापास पार्ट दुरुस्त करायला बसवलं, ते माझ्यामुळं. मशीनचं टूल बदललं की पहिला पीस मापायचा असतो. सेकंड शिफ्टला मी तो मापला नाही. माल परत आला, चौकशी लागली, तेव्हा रजिस्टरातली टूल बदलल्याची वेळ मी दोन तास मागं ओढली. म्हणजे चूक फर्स्ट शिफ्टची झाली. फर्स्ट शिफ्टला तपासणीवर वाघमारेभाऊ होते. वॉर्निंग लेटर त्यांना मिळालं. याला तीन वर्षं झाली.

आता माणूस कसा आहे ते सांगतो.

आमची कंपनीची बस चिखलीहून चाकणला जाते. सगळी बस डुलक्या घेते नाहीतर मोबाइल बघते. वाघमारेभाऊ पुस्तक वाचतात. वर्षभर तेच एक पुस्तक, आणि तेही दोनशे बाराव्या पानापर्यंत. तिथं पोचले की पुन्हा पान पहिलं.

पुस्तक त्यांच्या लेकीनं बंगळूरहून पाठवलेलं, मराठी अनुवाद. पुढच्या काळातल्या एका शहराची गोष्ट. तिथं कुणाच्या नळाला पाणी सोडायचं ते एक हुकूमशहा ठरवतो. त्याच्या जुलमाची पुस्तकं आधीच येऊन गेलीत. हे त्याच्या तरुणपणाचं, तो पाणीखात्यात घरोघर मीटर वाचत फिरायचा तेव्हाचं. जुलमाची पुस्तकं भाऊंनी हातातही घेतली नाहीत. "फायनल रिपोर्ट आधी बघितला, की पार्ट कुणी नीट बघत नाही," ते म्हणतात.

"स्क्रॅप म्हणायची घाई करू नका, रीवर्क बघू." हे त्यांचं वाक्य कॅन्टीनच्या आमटीला लागू, मोडायला आलेल्या सोयरिकीला लागू, आणि या हुकूमशहालाही लागू. पुस्तकात जागोजागी त्यांनी तपासणीत माल अडवून ठेवायला लावतात ते पिवळे होल्ड टॅग चिकटवलेत. एकावर लिहिलंय, 'मामाने याला इथे मारायला नको होते. सुधारता येईल.'

खेडकडचा पिसाळ एकदा मागच्या सीटवरून म्हणाला, "भाऊ, किती जीव लावताय त्याला. त्यो पुढं अर्ध्या शहराचं पाणी तोडतोय. आमी पिच्चर बघितलाय."

भाऊंनी शांतपणे खिशातून कंपनीचे इअरप्लग काढले आणि कानात घातले.

"अवो, ऐका तर."

"आत्ता तो एका म्हातारीचं मीटर कमी लिहितोय," भाऊ जरा मोठ्यानं म्हणाले, कानात बोळे असल्यावर माणूस बोलतो तसं. "तिला दोन हंडे जास्त मिळावेत म्हणून. इथपर्यंत माल ओके आहे."

बस हसली. मीही हसलो.

हसण्यावारी न्यावा असा माणूस मात्र नाही. लाल क्रेटमध्ये टाकून दिलेला पार्ट ते उचलतात, उजेडाकडं धरून फिरवतात, आणि दहातले सहा पुन्हा लाइनवर पाठवतात. मायक्रोमीटर धरायला मला त्यांनीच शिकवलं. "मुठीत गरम होऊ देऊ नका, माप खोटं बोलायला लागतं." लेटर मिळालं त्या दिवशी त्यांनी ते वाचलं, घडी घातली, आणि आपला ड्रॉवर उचलून मागच्या टेबलवर गेले. कुणाला एक शब्द बोलले नाहीत. तपासणीवर वीस वर्षं काढलेला माणूस.

मागच्या शनिवारी बसमधून उतरताना त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. "पुढचं तुम्ही वाचा राव. माझी हिंमत होत नाही. काय होतं ते सांगू नका. सुधारण्यासारखं आहे का, एवढंच बघा."

रविवारी दुपारी मी दोनशे तेरावं पान उघडलं. तो तरुण एक मीटर चुकीचं वाचतो. एका गल्लीचं पाणी आठवडाभर बंद पडतं. चौकशी येते, तेव्हा तो शेजारच्या टेबलावरच्या मित्राचं नाव सांगतो. मित्राची नोकरी जाते. हा बढती मिळून पुढच्या टेबलावर सरकतो. बायकोनं चहाला दोनदा हाक मारली, मला उठवेना.

सोमवारी भाऊंनी माझ्यासाठी खिडकीची जागा धरली होती.

"वाचलं?"

"वाचलं."

"मग?"

सांगू नका म्हणाले होते, पण माझ्या तोंडून गेलंच. "स्वतःची चूक मित्राच्या नावावर ढकलली त्यानं."

"आणि मित्रानं काय केलं?"

"काही नाही. गप निघून गेला. विचारलंसुद्धा नाही."

भाऊ पुढच्या सीटच्या दांडीला धरून माझ्याकडं सरकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिथं चुकलं. मित्रानं विचारायला पाहिजे होतं. एकट्याच्या मनात राहिलं की माणूस सडतो." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मी पण तुम्हाला विचारलं नाही. टूल कधी बदललं ती वेळ मशीनच्या पॅनेलवर राहते, राव. मी दुसऱ्याच दिवशी बघितली होती. वाटलं, आज येतील, उद्या येतील. तीन वर्षं नुसती वाट बघितली. विचारायला पाहिजे होतं. माझं चुकलं."

गेट आलं. आम्ही उतरलो, कार्ड दाखवलं, ते मागच्या शेडकडं गेले आणि मी लाइनवर.

त्यांच्या फाइलला ते वॉर्निंग लेटर अजून लावलेलं आहे. साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन माझं नाव सांगायचं आणि ते लेटर काढायला लावायचं, हे माझ्याकडून अजून व्हायचं आहे.