मेहरीनचे दुःख अपुरे

मंगळवार, सकाळी दहा वाजून दहा मिनिटे. मिरजगावच्या एका ऑनलाइन सेवा केंद्रात मेहरीनचे विद्यापीठ-प्रवेशासाठीचे आत्मनिवेदन नामंजूर झाले. नामंजूर विद्यापीठाने नव्हे, केंद्रचालक मच्छिंद्र यांनी केले. कारण : दुःख अपुरे. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत होती.

मेहरीनला हवामानशास्त्र शिकायचे होते. सहा वर्षे तिने गच्चीवर मापक ठेवून रोजचा पाऊस मोजला होता आणि तेच लिहिले होते.

"पाऊस काय, सगळ्यांवरच पडतो," मच्छिंद्र म्हणाले. "संघर्ष कुठंय? लई सुखात वाढलेली दिसतीस, पोरी."

"त्यात माझा काय दोष, काका?"

तिचे वडील बाबाजान मोटारसायकलींचे गॅरेज चालवतात. नामंजुरीचे कळताच ते हातात पाना घेऊनच केंद्रात आले. "मी हिला काय कमी केलं, ते लिहायचं?"

"कमी केलं न्हाई, हीच तर चूक हाय तुमची, बाबाजानभाई."

चूक सुधारायचे ठरले. 'कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला,' असे मच्छिंद्र यांनी लिहून दिले. मात्र दुःखाला पुरावा हवा, पुराव्याला पंचनामा हवा आणि पंचनाम्याला घरात फ्रिज चालत नाही. फ्रिज शेजारच्या चांगुणाबाईंकडे हलवला. बारा वाजता दोन पंचांनी मोकळ्या कोपऱ्याची पाहणी करून हळहळ नोंदवली.

साडेबाराला चांगुणाबाईंची नात रुपाली हिच्या दुःखाचा पंचनामा होता. घरात दोन फ्रिज निघाले. "माझ्या नातीचं वाटोळं करता व्हय?" म्हणत चांगुणाबाईंनी दोन्ही फ्रिज गावातल्या एका टेम्पोत चढवले. गावातल्या बाकीच्या अर्जदारांनाही मच्छिंद्र यांनी तोच कंदील लिहून दिला; तीनपर्यंत टेम्पोत अकरा फ्रिज जमले. पंचांनी पाणी मागितले. गावात कुठेच थंड नव्हते. साडेतीनला टेम्पोमालकाच्या मुलानेही अर्ज भरायला घेतला, तेव्हा टेम्पोच लपवण्याची वेळ आली.

"घाला उसात!" मच्छिंद्र ओरडले.

"उसात नको, काका. काल रात्री एकतीस मिलिमीटर झालाय. रुतंल."

"तू आधी तुझ्या दुःखाचं बघ!"

टेम्पो उसात घातला. रुतला.

सव्वाचारला विद्यापीठाचा ईमेल आला : 'आपल्या गावातील अकरा अर्जदारांनी एकाच कंदिलाखाली अभ्यास केल्याचे दिसते. सदर कंदील सादर करावा.' गावात कंदील नव्हता. तो ऑनलाइन मागवण्यात आला.

बारावा अर्ज मेहरीनचा. चार पन्नासला तिने जुनेच निवेदन पुन्हा जोडले. "अब्बा, हेच पाठवू?"

बाबाजान यांनी ते पहिल्यांदाच वाचले. "ह्यात रडण्यासारखं कायच न्हाई."

"न्हाई."

"मग वाचंल कोण?"

चार अठ्ठावन्नला अर्ज गेला.

शुक्रवार सायंकाळपर्यंतची स्थिती : कंदील आला आहे, तो कोणाच्या नावे सादर करायचा, यावर बैठक चालू आहे. टेम्पो निघालेला नाही. मेहरीनचा अर्ज विचाराधीन आहे. त्यातले फ्रिज घरी कधी येणार, याची चौकशी सगळेच करीत आहेत. सहा वर्षांत मिरजगावात पाऊस किती पडला, हे अद्याप कोणीही विचारलेले नाही.