चिमणाबाई आऊसाहेबांनी पाठीवर घर घेणारे वाहन पारखिले, त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनीस दंडवत, ऐकणारांस बसावयास आसन, आणि ज्यास घाई असेल त्याने आताच उठावे. शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुख नाम संवत्सर, भाद्रपद वद्य पंचमीपासून पुढे एका राज्यात, ज्याचे नाव सांगून कोणाचे पोट भरणार नाही, जे वर्तमान घडिले ते जसेच्या तसे लिहिले असे. त्या राज्यात चिमणाबाई आऊसाहेब थोरल्या, वय अठ्ठ्याहत्तर, कण्यास बाक आला परंतु जिभेस आला नव्हता. यजमान कैलासवासी जाहले तेव्हा आऊसाहेबांनी पण केला की, आता परक्या छपराखाली पाठ टेकणार नाही, आणि तो एकवीस वर्षे पाळिला. लेकीच्या घरी बारसे असो की लग्न, सांजेला आपल्या अंथरुणावर परत. ऐसे असता त्यांची धाकटी बहीण सगुणाबाई, जी तीन दिवसांच्या वाटेवर पठारी मुलखात नांदत होती, तिचे पत्र आले. त्यात लिहिले की, "चिमाक्का, वैद्य म्हणतो दिवाळीपर्यंत दिसेल, पुढे उजेड कळेल, माणूस कळणार नाही. तुझे तोंड एकदा पाहून ठेवावे म्हणते. पण तुझा पण मोठा, मी धाकटी, म्हणून आग्रह नाही." हे वाचविल्यावर आऊसाहेबांनी पत्र घडी घालून कनवटीस खोविले आणि बोलिल्या, "परके छप्पर चालत नाही ना? मग आपलेच छप्पर बरोबर न्यावे."

मग लुकमान मिस्त्रीस बोलावणे गेले आणि त्याने महिन्याभरात लाकूड आणि पत्रा यांची एक खोली सिद्ध केली. तीत चूल, पाण्याची टाकी, आऊसाहेबांचा मंचक, खिडकीस पडदा, आणि ही खोली उचलून ट्रकाच्या पाठीवर ठेवावी आणि हवी तेथे जावे ऐसी युक्ती. परंतु पाठ कोणाची, यावर दरबारात खल सुरू जाहला. चिरंजीव निंबाजीराव यांचे मन एका काळ्या डिझेलच्या धुडावर बसले. ते धूड सुरू जाहले की खिडक्यांची तावदाने थरथरत आणि निंबाजीराव छाती काढून उभे राहत, जणू तो आवाज त्यांच्याच पोटातून निघतो आहे. दुसरे पांढरे, पेट्रोलचे, त्यास कोणी वाली नव्हता. व्यापाऱ्याने दोन्ही वाहने आठ दिवस पारखीस पाठविली होती. निंबाजीराव बोलिले, "आऊसाहेब, हे काळे सहा हजार किलो ओढते." आऊसाहेब म्हणाल्या, "ओढायचे कोणाला आहे, निंबा? मागे गाडा बांधणार आहेस का? घर तर पाठीवर घ्यायचे. पाठीवर किती घेते ते सांग." तेव्हा निंबाजीराव कारभारी दादोपंतांकडे पाहू लागले आणि दादोपंत छताकडे.

आऊसाहेबांस अक्षरे बेताची परंतु आकडा नीट वाचता येई. त्या काठी टेकीत दोन्ही वाहनांभोवती तीन वेळा फिरल्या, चाके ठोकून पाहिली, दार उघडले, आणि दाराच्या चौकटीवर एक पिवळी चिठ्ठी चिकटविलेली त्यांच्या नजरेस पडली. "मिस्त्री, हा आकडा कसला?" लुकमान म्हणाला, "आऊसाहेब, कारखान्याचा हुकूम आहे. माणसे धरून, सामान धरून, याच्या अंगावर एवढेच घालावे." काळ्याच्या चिठ्ठीवर तेराशे नव्वद आणि पांढऱ्याच्या चिठ्ठीवर अठराशे वीस. आऊसाहेबांस मोठे कुतूहल वाटले. "ताकद काळ्याची जास्त आणि ओझे पांढऱ्याने जास्त घ्यावे, हे कसे रे?" लुकमान बोलिला की, डिझेलचे इंजिनच अंगाने भारी, त्याला तोलणारी पुढची कमान भारी, सगळे मिळून चारशे-साडेचारशे किलो तेथेच गेले, आणि चाकांनी सोसायचे वजन दोघांना एकच. "म्हणजे हा हमाल घरूनच पोते घेऊन निघतो आणि माझ्या पोत्याला जागा नाही म्हणतो," ऐसे आऊसाहेब बोलिल्या. "आणि पांढऱ्यात खोट काय? खोट नसलेला कोणी मी अजून पाहिला नाही." लुकमान म्हणाला, "पितो फार. घाटात तर विचारू नका. आणि चढावर ओरडतो." आऊसाहेबांनी ते मनात ठेविले.

परंतु निंबाजीराव हटेनात. दादोपंतांनी कागद काढिला आणि वाचिले की, घराचे वजन अकराशे पन्नास, काळ्याची मर्यादा तेराशे नव्वद, सबब दोनशे चाळीस किलो शिल्लक, काळजीचे कारण नाही. कागदावर होते म्हणून सर्वांनी मान डोलाविली, आणि दुसरे दिवशी सकाळी घर काळ्याच्या पाठीवर चढविले, टाकी भरिली, मंचक लाविला, हंडे-कळश्या, पाटा-वरवंटा ठेविला, आणि आऊसाहेब, निंबाजीराव, दादोपंत ऐसे बसले आणि लुकमानाने वाहन हाकिले. वेशीबाहेर पहिला चढ लागताच काळ्याची पाठ बसली, तोंड वर झाले, आणि सुकाणू हातात ऐसे हलके पडले की लुकमान वळवी एकीकडे आणि वाहन विचार करून मग वळे. मंचकावरून आऊसाहेब घसरून दारास लागल्या. कोणास इजा जाहली नाही, परंतु पुढे घाट होता आणि घाटास कठडे नव्हते. आऊसाहेब बोलिल्या, "परत फिरव. मला सगुणाला भेटायचे आहे, यजमानांना नाही."

मग उसाचा मोठा काटा होता तेथे सगळे आले आणि आऊसाहेबांनी दादोपंतांस पुढे घेतिले. "पंत, कागद म्हणतो दोनशे चाळीस शिल्लक. मग गाडी बसली कशी?" त्या घराण्यात चाल ऐसी की, वडील माणसास काट्यावर घालू नये, घातल्यास आयुष्य उतरते, आणि थोरल्या बाईंचे वजन तर कोणी तोंडानेही काढू नये. पंत हात जोडून बोलिले, "आऊसाहेब, आपले वजन लिहिण्यास हात धजला नाही. आपले नाही लिहिले म्हणून आपल्या मंचकाचे लिहिता येईना, मंचकाचे नाही म्हणून हंड्यांचे, पाट्याचे, पाण्याचे. मग रित्या घराचे तेवढे लिहिले." निंबाजीराव म्हणाले, "पंत, आम्हांला तरी सांगायचे." पंत बोलिले, "सरकार, आपण विचारले नाही. आपण काळ्याकडे पाहत होता."

आऊसाहेब म्हणाल्या, "म्हणजे मला नेण्यासाठी एवढा खटाटोप, आणि हिशेबात मीच नाही. पंत, मला घरी ठेवूनच मला नेणार होतात काय?" आणि कोणी काही बोलण्याआधी त्या काठी लुकमानाच्या हाती देऊन बाजूच्या गुळाच्या काट्याकडे निघाल्या. निंबाजीराव आडवे आले, "आऊसाहेब, चाल मोडते, आयुष्याचा प्रश्न आहे." त्यावर बोलिल्या, "अरे, आयुष्य अठ्ठ्याहत्तर वर्षे खाल्ले. जे उरले ते सगुणाचे डोळे जाण्याआधी पोचले तर कामाचे. सरक बाजूला." आणि पदर खोचून काट्यावर उभ्या राहिल्या. पंतांनी डोळे मिटिले. काटेवाल्याने आकडा हळूच सांगितला, तेव्हा म्हणाल्या, "मोठ्याने सांग, मी काही चोरून आणलेले नाही." ब्याऐंशी किलो भरिले.

मग एकेक वस्तू काट्यावर गेली: पाणी एकशे ऐंशी, मंचक सत्तर, हंडे आणि पाटा नव्वद, गॅसची टाकी आणि बॅटरी साठ, निंबाजीराव पंच्याण्णव, लुकमान अडुसष्ट, घर धरून सतराशे पंच्याण्णव. काळ्यास चारशे पाच किलो अधिक, पांढऱ्यास पंचवीस किलो मोकळे. दादोपंत पुढे येऊन म्हणाले, "आणि मी चौऱ्याहत्तर, आऊसाहेब." आऊसाहेब बोलिल्या, "तुम्ही मावत नाही, पंत. हे मात्र नीट लिहून ठेवा." येणेप्रमाणे काळे परत गेले. निंबाजीराव वेशीपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिले आणि मग मुकाट्याने पांढऱ्यात बसले.

आश्विन वद्य नवमीस पांढरे वाहन निघाले आणि घाटात लुकमान बोलिला होता तैसेच ओरडले, आणि जेथे पंप दिसेल तेथे प्याले. निंबाजीराव दर पंपावर आईच्या तोंडाकडे पाहत, तेव्हा आऊसाहेब म्हणत, "पिऊ दे. पिऊन चालतो, झोपत नाही." परंतु वळणावर सुकाणू हाती राहिले, पाठ सपाट राहिली, आणि तीन रात्री आऊसाहेब आपल्याच छपराखाली निजल्या. वसुबारसेच्या सकाळी पठारावर सगुणाबाईच्या अंगणात वाहन उभे राहिले. सगुणाबाई घरच्यांचा हात धरून बाहेर आल्या, पायरी चढून त्या फिरत्या घरात शिरल्या, मंचकावर बहिणीशेजारी बसल्या, तिचे तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळविले आणि पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. कपाळ पाहिले, नाक पाहिले, कानातल्या जुन्या कुड्या पाहिल्या. मग बोलिल्या, "चिमाक्का, किती जाड झालीस गं." आऊसाहेब म्हणाल्या, "ब्याऐंशी किलो. काट्यावर चढून आले आहे."

त्या रात्री दोघी बहिणी त्याच मंचकावर निजल्या, आणि मार्गशीर्षात सगुणाबाईस उजेड तेवढा कळू लागला. आऊसाहेब पुढे सात वर्षे होत्या, काट्याने आयुष्य उतरले नाही, आणि दादोपंतांच्या दफ्तरात पहिल्या ओळीस त्यांचे वजन लिहिलेले आहे. एवढेच जाणावे. लेखन पुरे.