करड्या रुमालाची मराठी

सन दोन हजार तेवीस. मला चौऱ्याहत्तरावं लागलेलं. ऑकलंडात माउंट रॉस्किलला पोराकडं येऊन पाच महिने झाले होते. एका सकाळी शेजारच्या कुंपणावरून एक टक्कल वर आलं आणि म्हणालं, "शिंदे, गुंडाची गचांडी धरल्यावर तुम्ही त्याला काय म्हणाल? मोजून बोला. फुग्यात आठच अक्षरं बसतात."

हे पेडणेकर मास्तर. गिरगावात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले, आता इथं मुलाकडं कायमचे. तोवर आमचं बोलणं 'किया ओरा' हा इथला नमस्कार आणि 'आज वारं आहे' एवढंच. मी चौथीत शाळा सोडून कोल्हापूरच्या फाउंड्रीत जन्म काढलेला. मास्तर दिसला की आपण लांबनं नमस्कार करावा. पण हा प्रश्न माझ्या खात्यातला होता.

"दात घशात घालीन," मी म्हणालो.

मास्तरांनी बोटांवर मोजलं. आठ. टक्कल लालेलाल झालं. "या, आत या," म्हणाले. कुणी मास्तर मला मान देऊन आत बोलावतोय, हे पहिल्यांदाच.

गॅरेजात टेबल. टेबलावर कात्री, ब्लेड, फूटपट्टी, डिंक, आणि मधोमध चित्रांचं पुस्तक. चित्रातली माणसं बोलतात ते तोंडापाशी गोलात लिहिलेलं असतं, तो फुगा. मास्तर प्रत्येक फुगा मोजायचे, तेवढाच पांढरा कागद कापायचे, इंग्रजी झाकून त्यावर मोत्यासारखी मराठी लिहायचे.

गोष्ट अमेरिकेतली, नव्वद वर्षांमागची. लांब मोटारी, सगळ्यांच्या डोक्यावर हॅटी. एक काळा गडी मोठ्या हॉटेलात लिफ्ट चालवतो. लिफ्टवाल्याला कोण माणूस धरतो? सगळे बदमाश त्याच्यासमोर खुशाल बेत करतात. हा मान खाली घालून ऐकतो. ड्युटी सुटली की तोंडाला करडा रुमाल बांधतो आणि एकेकाला गाठतो. गुंड गोरे, त्यांना सामील पोलीस गोरे, आणि हा एकटा. माझ्या अंगात वारंच शिरलं. इंग्रजी येत नसूनही मी त्या बैठकीत चाळीस पानं पाहिली.

"पण मास्तर, हा असं का बोलतोय?" त्यांनी आधी लिहिलं होतं, 'दुष्टा, तुझी गय नाही.'

"का? शुद्ध आहे."

"शुद्ध आहे म्हणूनच. गुंड हसून मरंल, मारायची गरजच नाही."

मास्तर तासभर रुसले. मग ब्लेडनं तो कागद खरवडून काढला.

पुढल्या शनिवारी हेन्डरसनच्या लायब्ररीत हे पुस्तक काढणारा चित्रकार स्वतः येणार होता. त्याच्या हातात मराठी पुस्तक ठेवायचं, हा मास्तरांचा ध्यास. हाताशी आठ दिवस आणि फुगे एकशे सत्तर. आम्ही जुंपलो. सकाळचा चहा झाला की मी हजर. मास्तर इंग्रजी वाचून अर्थ सांगायचे, मी फाउंड्रीतल्या भाषेत तो हाणायचो, मास्तर त्यातली आई-बहीण गाळायचे.

"एवढी तरी राहू द्या."

"मोजून बोला, शिंदे. लायब्ररी आहे ती."

आमची सून म्हणायची, "पप्पा, शेजारी शिव्या द्यायला जाताय ना? मग ह्या जंडल्स चपला नको, बूट घाला. गार आहे." लोकांना हसू दे. माझा शब्द छापल्यासारखा दिसत होता. चौथी नापासाचा.

शुक्रवारी दुपारी एकच फुगा उरला, अगदी शेवटच्या पानावर. एक म्हातारा साहेब वर्षानुवर्षं त्या लिफ्टनं जातो, पण लिफ्टवाल्याकडं कधी मान वर करून बघत नाही. शेवटी बघतो, काहीतरी विचारतो.

"काय म्हणतो म्हातारा?"

"म्हणतो, तुझं नाव काय."

"मग लिहा की. सहाच अक्षरं."

मास्तरांनी लेखणी उचलली, ठेवली. कागद चार वेळा मोजला. मग म्हणाले, "शिंदे, उद्या तुम्हीच द्या पुस्तक. मी येत नाही."

मी चिडलो. आठ दिवस काय गवत उपटलं?

मास्तर फूटपट्टीकडं बघत बोलले. चित्रकार त्यांचा जावई. झिम्बाब्वेचा. नऊ वर्षांमागं मुलगी मंजिरी त्याला घेऊन इथंच दारात आली, तेव्हा मास्तर पेपर वाचत होते. वाचतच राहिले. दोघं दहा मिनिटं उभी होती, मग निघून गेली. तेव्हापासून ती हेन्डरसनला आणि हे इथं, मध्ये दोन बस. निघालेला प्रत्येक अंक ती पोस्टानं पाठवते. आत चिठ्ठी नसते.

"त्याचं नाव पुस्तकावर छापलंय," मास्तर म्हणाले. "पण मी त्याला विचारलेलं नाही. मी कुठल्या तोंडानं लिहू हे?"

एवढा शिकलेला माणूस माझ्याकडं उत्तर मागत होता. मी डिंकाची बाटली बंद केली. "हा फुगा कोरा राहू दे मास्तर," म्हणालो. "हे लिहायचं नसतंय. तिथं जाऊन तोंडानं विचारायचं."

मास्तरांनी कोऱ्या फुग्यासकट पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी टोपी घालून त्यांच्या दारात उभा राहिलो. म्हणालो, मला इंग्रजी येत नाही, एकटा गेलो तर हरवेन, आणि त्याचं पाप तुमच्या माथी. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून तयारच बसले होते, फक्त उठत नव्हते. दंडाला धरून उठवलं. दुसऱ्या बसमध्ये ते खिडकीशी, पुस्तक दोन्ही हातांनी छातीशी. लायब्ररी दिसायला लागली. मास्तर समोर बघत बसले, हात काही हलेना. मग बस थांबवायची बेल मीच दाबली.