उलटा बाण

मुलाचा फोन आला तेव्हा नकाशेकाका दाढी करत होते. म्हणून तो त्यांच्या बायकोने घेतला आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. मुलगा सैन्यात होता. दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागे, तरी घरात सगळे त्याला छोट्याच म्हणत. छोट्याने घाईघाईत सांगितलं की आता काही दिवस फोन लागणार नाही, याबद्दल कुणाकडे बोलायचं नाही, आणि मोजे विणणार असशील तर या वेळी पांढऱ्याच लोकरीचे विण. मग फोन बंद झाला.

काकू दरवर्षी छोट्याच्या अख्ख्या तुकडीसाठी मोजे विणून पाठवत. एकट्यालाच पाठवले तर बाकीच्या पोरांनी काय गार पायांनी त्याच्याकडे बघत बसायचं, असं त्यांचं म्हणणं. गेल्या खेपेचे मोजे निळे होते.

काका गालावरचा फेस तसाच ठेवून विचार करू लागले. विचार करणं ही त्यांची जुनी खोड होती. फोन बंद, बोलायचं नाही आणि पांढरा रंग.

"बर्फ," ते म्हणाले. "पांढरं म्हणजे बर्फात दिसू नये म्हणून. पोरांना डोंगरावर पाठवतायत."

काकूंचा चेहरा उतरला. कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही, असं काकांनी त्यांना बजावलं. "मी कशाला काढतेय," असं म्हणून काकू पिशवी घेऊन लोकर आणायला गेल्या.

लोकरीच्या दुकानातल्या बाई काकूंच्या ओळखीच्या होत्या. एवढी पांढरी लोकर कशाला, असं त्यांनी सहज विचारलं. ते मला सांगता येणार नाही, असं काकू म्हणाल्या. इथवर सगळं ठीक होतं. पण काळजीत पडलेल्या माणसाला फार वेळ गप्प बसवत नाही. एवढं पांढरं कुठे लागतं ते तुम्हीच समजून घ्या, असं त्या जाता जाता बोलून गेल्या. वर बाईंना शपथही घातली. बाईंनी शपथ पाळली. बाहेरच्या कुणालाच त्यांनी सांगितलं नाही. जावई काही बाहेरचा नव्हे.

जावई गावातल्या सायंदैनिकात बातमीदार होता. त्याच सायंदैनिकात काका नकाशे काढायचे. पूर असो, नवा रस्ता असो, वाघ दिसलेला असो, बातमीशेजारी काकांच्या हातचा नकाशा असायचाच. त्यांची नदी कधी चुकली नाही. त्या पेपरात न चुकणारी तेवढी एकच गोष्ट होती. मागे एकदा एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या निधनाची बातमी फोटोसकट छापून आली होती. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ अंक काखेत मारून स्वतः ऑफिसात हजर झाले आणि अर्धा तास उभ्याने ओरडून गेले. पाहुण्यांनी विचारलं की काका नुसतं "एका पेपरात" असं सांगायचे. नाव सांगायची त्यांना लाज वाटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी संपादकांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. तिथे जावई बसलेला होता. ऑफिसात त्याला तोफ म्हणत, कारण त्याचा आवाज मोठा होता आणि नेम चुकीचा. त्याने काकांपुढे बातमी सरकवली. सगळीकडे गाजत असलेल्या, खलाशांना ओलीस धरणाऱ्या टोळीच्या बंदोबस्तासाठी सैन्याची गुप्त मोहीम निघाली असून टोळी बर्फाच्या डोंगरांत लपली आहे, असं त्यात होतं. नाव न सांगण्याच्या अटीवर अत्यंत वरिष्ठ सूत्रांनी माहिती दिली होती. जवानांसाठी पांढरे लोकरी मोजे हाताने विणले जात आहेत, असं शेवटी वाचल्यावर काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

हे सांगितलं कुणी, असं त्यांनी कसंबसं विचारलं.

"नाव नाही सांगता येणार, काका," तोफ म्हणाला. "पुरवठ्याच्या बाजूचं माणूस आहे एवढंच समजा." काका समजले. लोकरीचं दुकान तोफेच्या सासूचंच होतं.

संपादकांना पहिल्या पानासाठी नकाशा हवा होता. डोंगर, वाट आणि सैनिक कुठे चाललेत ते दाखवणारा मोठा लाल बाण. असं छापलं तर पोरांच्या जिवाशी खेळ होईल, असं काका पुटपुटले. त्या केबिनमध्ये त्यांनी पहिल्यांदाच मत दिलं होतं.

"आपण जागा कुठे सांगतोय?" संपादक म्हणाले. "नुसता बाण तर दाखवतोय."

काकांच्या ओठांवर खरी गोष्ट आली. ही बातमी माझ्याच घरातून फुटलीय, ते मोजे माझी बायको विणतेय, असं सांगून टाकावं असं त्यांना वाटलं. "ही बातमी माझ्या" एवढं बोललेही. आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की पुढचा शब्द बोललो तर दुकानातली कुजबुज पक्की होईल. आत्ता ती तोफेच्या सासूची बातमी होती, मग ती जवानाच्या बापाची झाली असती.

"तुमच्या काय?" संपादकांनी विचारलं.

"माझ्या टेबलावर पाठवा," काका म्हणाले आणि बाहेर आले.

टेबलावर त्यांनी कागद पसरला. वर डोंगर काढले, खाली खाडी काढली, खाडीतली बेटं काढली. लाल शाईची दौत उघडली आणि टाक हवेत धरून बसून राहिले. त्या बाणाच्या टोकाशी छोट्या होता. अखेर त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. बाण डोंगराकडे पाठ फिरवून खाली आणला आणि त्याचं टोक अगदी मधल्या बेटावर टेकवलं. डोंगरापासून इतकं लांब दुसरं काही कागदावर शिल्लक नव्हतं. काढून झाल्यावर त्यांना घाम फुटला. आता कुणीही बघेल, चूक सापडेल, आणि दुसरा बाण काढायला लावतील.

तोफ नकाशा न्यायला आला. त्याने कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. मग खुर्ची ओढून काकांना खेटून बसला.

"काका, तुमचा मुलगा सैन्यात आहे ना?"

काकांनी टाक पुसायला घेतला.

"म्हणजे डोंगर नाही. खाडी."

काकांनी मान खाली घालून दौतीचं झाकण लावलं. ते झाकण लावणं पाहून तोफेचे डोळे चमकले. बातमी घेऊन तो पळाला. पांढरे मोजे ही निव्वळ धूळफेक असून खरी मोहीम खाडीतल्या बेटांवर आहे, ही माहिती सैन्याच्या अगदी आतल्या गोटातून मिळाल्याचं त्याने पंधरा ओळींत नव्याने लिहून काढलं. संध्याकाळी तेच छापून आलं, वर काकांचा नकाशा आणि भलामोठा बाण.

काकांना हायसं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच खोटा नकाशा काढला, पण पोरगं वाचलं. त्या दिवशी ते पोटभर जेवले. काकू पुढे काही दिवस विणत होत्या, देवाचं नाव घेत होत्या आणि सुईवरची घरं मोजण्यात चुकत होत्या.

मग एका सकाळी टीव्हीवर बातमी लागली. खाडीतल्या बेटावर सैन्याची गुप्त कारवाई, ओलीस ठेवलेल्या सगळ्या खलाशांची सुटका, सर्व जवान सुखरूप. पडद्यावर नकाशा आला. बाण मधल्या बेटावर टेकला होता.

"बरं झालं बाई, सुखरूप आहेत," काकू म्हणाल्या. "पण आपला छोट्या डोंगरावर. तो यात नसेल."

काका पडद्याकडे बघत राहिले. आपलं पोरगं वाचवायला त्यांनी बाण फिरवला होता आणि तो कुणातरी दुसऱ्याच्या पोरांवर नेऊन टेकवला होता. ती परत आली हे त्यांचं नशीब. हातातला चहा निवून गेला. शेवटी त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. लोकरीच्या दुकानाचा विषय निघाल्यावर काकूंनीही सुया खाली ठेवल्या आणि आपला भाग सांगून टाकला. फोन वाजला तेव्हा दोघंही एकदम उठली.

छोट्याच होता. "आई, मी ठीक आहे. आम्ही खाडीत होतो."

काकू खाली बसल्या. फोन काकांच्या हातात आला.

"बाबा, पेपरातला तो नकाशा तुम्ही काढलात?"

"हो रे," ते म्हणाले. "चुकलं माझं. तू डोंगरावर आहेस असं वाटलं मला. पांढरे मोजे..."

"अहो, मोजे बुटाच्या आत असतात, बाबा. बर्फात दिसतात कुणाला?"

हे मात्र काकांच्या डोक्यात आलं नव्हतं. काकूंच्या आणि तोफेच्याही आलं नव्हतं.

"मग पांढरे कशाला?"

"आईच्या निळ्या लोकरीचा रंग जातो. दिवसभर पाण्यात उभं राहून सराव. सगळ्या तुकडीचे पाय निळे झाले. गारठ्याने झालं समजून डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना दवाखान्यात झोपवून ठेवलं होतं."

फोनला कान लावलेल्या काकूंनी हे ऐकून कपाळावर हात मारला. पण काकांना अजून विचारायचं होतं. नकाशा बघून तिथले लोक सावध झाले असते तर, असं ते चाचरत म्हणाले.

"साहेबांचाही आधी श्वास अडकला होता," छोट्या म्हणाला. "मग त्यांनी पेपरचं नाव वाचलं आणि म्हणाले, चला, ठरल्याप्रमाणे करू. आणि बाबा, त्या बेटावर तुमचा अंक सापडला. मासे गुंडाळले होते त्यात. त्यांच्यातला एकजण पकडल्यावर रडकुंडीला येऊन म्हणाला, या पेपरात आलं म्हणून तर आम्ही निवांत होतो."

फोन ठेवल्यावर काका बाल्कनीत गेले आणि रस्त्याकडे पाठ करून बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात वेगळाच माहोल होता. पेपरची एक बातमी खरी ठरली होती. संपादक टेबलाटेबलावर फिरून सांगत होते की आता लोक आपल्यावर विश्वास ठेवू लागतील. काकांना मात्र नेमकं तेच नको होतं. छोट्याला अजून बरीच वर्षं नोकरी करायची होती.

संध्याकाळी अंक आला. काकांनी धास्तावून पानं उलटली. आतल्या पानावर त्याच निवृत्त मुख्याध्यापकांच्या निधनाची बातमी होती, या वेळी मोठ्या फोटोसह. जिन्यावर काठीचा आवाज आला, आणि मग तो ओळखीचा आरडाओरडा.

काकांचा जीव भांड्यात पडला. ते लगबगीने उठले, आपली खुर्ची रुमालाने पुसून मुख्याध्यापकांपुढे ठेवली आणि त्यांच्यासाठी चहा सांगितला.