एकदाही न रडलेला प्रवासी

हंबीररावाला विमानाच्या दोन जागा फुकट मिळाल्या, आणि ती बातमी त्यानं जेवता जेवता सांगितली. त्याच्या वडिलांचा, गणपतरावांचा, घास हातातच राहिला.

हंबीरराव ट्रक चालवायचा. मुंबईच्या एका कंपनीचं चार जणांचं छोटं विमान त्या हिवाळ्यात उजळाईवाडीच्या माळावर येऊन उतरलं होतं. एरवी ते मुंबईतल्या हौशी लोकांना समुद्रावरून चक्कर मारून आणायचं. आता थोडे दिवस कोल्हापूरकरांना कोल्हापूर वरून दाखवणार होतं. त्याच्या पेट्रोलची पिंपं हंबीररावानं वेळेवर पोचवली, तेव्हा विमानाचा कप्तान खूश होऊन म्हणाला, की घरचं एक माणूस घेऊन ये, दोघांना फिरवतो.

"तुम्ही चला, दादा," हंबीरराव वडिलांना म्हणाला.

"कोल्हापूर मी खालनं बघितलंय," गणपतराव म्हणाले. "बरं हाय."

गणपतराव जुने पैलवान. पाठ मातीला लागू द्यायची नाही हे ते जन्मभर शिकले होते, पण पाय मातीवरून उचलायचे हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. हंबीरराव तोंड पाडून बसला. तेवढ्यात चुलीपुढून, भाकरी थापत असलेल्या बाळाबाईंचा आवाज आला, "मी येतो."

"आई, तुला भ्या न्हाई वाटायचं?"

"तुझ्या ट्रकात बसलोय मी," बाळाबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवसापासून शिवाजी पेठेतल्या बायका बाळाबाईंना भेटायला येऊ लागल्या. विमान ही गोष्ट त्यांनी कीर्तनातच ऐकली होती, आणि कीर्तनातल्या विमानात बसून वर गेलेलं माणूस परत खाली आल्याचं कुठल्याही बुवांनी सांगितलं नव्हतं. कुणी नारळ घेऊन आली, कुणी खण. तानाबाईंनी तर, दुधात कधी पाणी घातलंस म्हणून बोललो असलो तर मनावर घेऊ नको, असं सांगून डोळे पुसले. बाळाबाईंना हे सगळं फार आवडलं. जिवंतपणी एवढा मान पेठेत कुणाला मिळत नसे.

आली नाही ती फक्त शेजारची चिमणाबाई. ती बाळाबाईंची धाकटी जाऊ.

सासू गेल्यावर भावाभावांनी घर वाटून घेतलं आणि मधे भिंत घातली. वाटणीला बसलेले पंच सगळे पुरुष. त्यांनी भांडीकुंडी मोजली, आणि पाटा हा एक नग, वरवंटा हा दुसरा नग असं धरून थोरलीला पाटा आणि धाकटीला वरवंटा देऊन टाकला. वाटणी अगदी समान झाली, याचं पंचांना समाधान वाटलं. पण ते दोन दगड सासूच्या हाताखाली एकमेकांना घासत म्हातारे झाले होते. पाटा मधोमध खोलगट झाला होता, आणि त्या खळग्यात तोच वरवंटा नीट बसायचा. बाळाबाईंनी नवा वरवंटा घेतला, तर तो पाट्याच्या कडांवर अडे आणि खाली लसूण अख्खाच राही. चिमणाबाईंनी नवा पाटा घेतला, त्यावर जुना वरवंटा नुसता डुले. दोन्ही घरांतली चटणी बिघडली, दोन्ही घरांतले पुरुष जेवताना गप्प राहू लागले, आणि जावांनी अबोला धरला. भाऊ मात्र रोज संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर एकत्रच बसत. जावांना एकमेकींना काही सुनवायचं असलं की त्या आपापल्या म्हशीला सांगत. भिंत पातळ होती.

त्यात चिमणाबाईंच्या वरवंट्याला पेठेत मान. बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा नटवून घालतात, आणि तो जुन्या घरचा असला की बाळ टणक होतं, असं बायका म्हणत. कुणाकडंही बारसं असलं की तोच वरवंटा मागून नेत. त्यामुळं त्याला स्वतःचं दुपटं होतं आणि लाल काठाची कुंची होती. वरवंट्याचे एवढे लाड चाललेले बाळाबाईंना भिंतीपलीकडून ऐकू येत, आणि पाट्याकडं बघून त्यांचा जीव तुटे.

विमानात बसायच्या आदल्या संध्याकाळी चिमणाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पदराखाली काहीतरी होतं.

"मी बोलायला आलो न्हाई," त्या म्हणाल्या.

"मग म्हस कुठाय?" बाळाबाईंनी विचारलं.

चिमणाबाईंनी तिकडं लक्ष दिलं नाही. दुपट्यात गुंडाळलेला, कुंची घातलेला वरवंटा त्यांनी पुढं केला. "ह्यो घे, आक्का. तुझा जीव ह्याच्यात अडकलाय, समद्या पेठेला ठावं हाय. उद्या वर जाऊन काय झालं आणि तुझ्या पिंडाला कावळा शिवला न्हाई, तर लोक माझ्या नावानं बोंब मारतील."

"आणि काय झालं न्हाई तर?"

"तर परत दे."

"दिल्याली वस्तू परत मागतीस व्हय गं?"

"मरणाऱ्याला दिल्याली हाय," चिमणाबाई म्हणाल्या. "जित्या माणसाला न्हाई." आणि त्या आल्या तशा गेल्या.

बाळाबाईंनी त्याच रात्री लसूण, खोबरं आणि तिखट घेतलं आणि वरवंटा पाट्यावर ठेवला. तो अलगद जागेवर बसला. गणपतरावांनी रोजच्यापेक्षा दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या आणि कधी नव्हे ते ताट पुसून घेतलं. बाळाबाईंचं ठरलं. त्या मरणार नव्हत्या आणि वरवंटाही देणार नव्हत्या. घरी ठेवायची मात्र सोय नव्हती. दोन्ही घरांचं मागचं परडं एक. आपण वर आणि चिमणी खाली म्हटल्यावर वरवंटा कुठं असेल ते त्यांना विमानात न बसताही दिसत होतं. सकाळी त्यांनी तो धुतला, पुसला, कुंची घातली आणि शालीखाली घेतला.

"आई, ह्ये काय?" हंबीररावानं टांग्यात विचारलं.

"गप बस," बाळाबाई म्हणाल्या.

माळावर कंपनीचा एक माणूस प्रत्येकाला काट्यावर उभा करत होता. सामान न्यायचं नाही, असं तो सगळ्यांना बजावत होता. बाळाबाईंच्या शालीतून लाल काठाची कुंची डोकावताना त्याला दिसली आणि त्याचा आवाज मऊ झाला. "मूल आहे का? मांडीवर घ्या. वर गार असतं, तोंड झाका त्याचं."

बाळाबाईंनी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं आणि कुंची पुढं ओढली. काट्यानं जे सांगितलं ते त्या माणसाला पटलं नाही; पण बाईमाणसाला वजनाबद्दल कसं बोलायचं, म्हणून त्यानं नुसती मान हलवली. हंबीरराव दूर जाऊन पंख्याकडं बघत उभा राहिला.

चौथी जागा दत्तोपंतांची होती. ते पेठेत नुकतेच राहायला आले होते आणि गावातल्या एका वर्तमानपत्राला बातम्या पुरवायचे. विमानप्रवासाचं वर्णन लिहायला ते निघाले होते. पण चाकं जमिनीवरून सुटल्याबरोबर त्यांनी डोळे गच्च मिटले आणि ओठ हलवायला सुरुवात केली.

बाळाबाई मात्र खिडकीला नाक लावून बसल्या. उसाची शिवारं वाळत घातलेल्या गोधडीसारखी दिसत होती. गुऱ्हाळांचे धूर सरळ वर येत होते. कप्तान मोकळा माणूस. तो मागं वळून म्हणाला, मुंबईत आम्ही समुद्र दाखवतो, इथं हा तुमचा रंकाळा बघा.

"समुद्र असाच असतोय?" बाळाबाईंनी विचारलं.

"याहून पुष्कळ मोठा, मावशी. पलीकडचा काठच दिसत नाही."

"मग ह्योच बरा. काठ न्हाई तिथं म्हशी कुठं धुवायच्या?"

कप्तान हसला आणि खूश होऊन त्यानं विमान पेठेवरून घेतलं. बाळाबाईंनी घर ओळखलं ते परड्यातल्या चिंचेवरून. भिंत मात्र कुठं दिसेना. कौलांचं एकच छप्पर, एकच परडं, दोन म्हशी, आणि म्हशींच्या मधून बाळाबाईंच्या दाराकडं चाललेला एक हिरवा ठिपका. हिरवं लुगडं चिमणाबाईंचं.

"बघ, बघ," त्या पोराच्या खांद्याला हलवून म्हणाल्या. "माझी पाठ फिरली की घुसली. म्हणून आणला संगं." आणि त्यांनी मांडीवरचं गाठोडं जास्तच घट्ट धरलं.

विमान उतरलं तसे दत्तोपंतांचे डोळे उघडले. खाली बघण्यासारखं काय होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळं त्यांना शेजारच्या प्रवाशाचाच आधार वाटला. "काय गुणी मूल आहे हो," ते म्हणाले. "एकदाही रडलं नाही."

"रडायचं न्हाई त्ये," बाळाबाई म्हणाल्या. खोटं बोलायचं नाही, एवढं त्या सांभाळत होत्या.

"नाव काय ठेवलंत?"

"न्हाई ठेवलं."

"हे हंबीररावांचंच ना?"

त्याच वेळी कप्तान पलीकडून हंबीररावाला विचारत होता, की उरलेली पिंपंही तुझीच का. "व्हय, माझंच समदं," हंबीरराव ओरडून म्हणाला, आणि दत्तोपंतांनी लिहून घेतलं.

बातमी मोठ्या अक्षरात आली. शिवाजी पेठेतील श्री. हंबीरराव यांचे चिरंजीव हे करवीरनगरीतील सर्वांत लहान विमानप्रवासी ठरले असून, आजीच्या मांडीवर त्यांनी संपूर्ण प्रवास धीरोदात्तपणे व न रडता केला, असं तिच्यात होतं. पेठेत हसून हसून लोकांची पोटं दुखली. पण वर्तमानपत्र बिद्री गावालाही जात असे, आणि बिद्रीच्या बाळासोंच्या मुलीशी हंबीररावाचं लग्न ठरलं होतं. सुपारी फुटली होती.

बाळासो एकटेच आले. फेटा नीट बांधलेला, तोंड बांधल्यासारखंच.

"या पावणं," गणपतराव म्हणाले. "पाणी घ्या."

"पाणी ऱ्हाऊ दे. मूल दावा."

हंबीररावाचं लग्न त्या एका वाक्यावर लोंबकळू लागलं. बाळाबाई आत गेल्या आणि कुंचीसकट वरवंटा आणून बाळासोंच्या पुढं ठेवला. बाळासोंनी कुंची वर करून बघितलं आणि परत खाली केली.

"मला येडा समजलाय व्हय?" ते म्हणाले. "वरवंटा घिऊन विमानात कोण बसतंय?"

खरी गोष्ट एवढी वेड्यासारखी होती, की तिच्यापेक्षा खोटीच पटावी. बाळासो चपला घालू लागले. तेवढ्यात भिंतीपलीकडं चिमणाबाईंची म्हैस कुणीतरी थोपटली.

"ऐकलंस काय गं," म्हशीला सांगणं चाललं होतं, "लोकांच्या वस्तू मांडीवर घिऊन फिरलं की असं हुतंय."

बाळाबाई उठल्या. त्यांनी आपल्या म्हशीकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ भिंतीला तोंड करून म्हणाल्या, "चिमणे, हिकडं ये."

चिमणाबाई डोक्यावरून पदर घेऊन आल्या. बाळासोंनी त्यांना विचारलं, की बाई, तुम्ही तरी सांगा, मूल कुणाचं?

"माझं," चिमणाबाईंनी सांगितलं आणि वरवंटा उचलून मांडीवर घेतला.

बाळासोंचा चेहरा आणखीच काळवंडला. मग चिमणाबाईंनी सगळं सांगितलं. पंचांपासून कावळ्यापर्यंत काही सोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "वरवंटा माझा हाय. मी परत मागीन म्हणून हिनं आभाळात न्हेला. खोटं वाटत असलं तर तिच्याच तोंडानं ऐका."

सगळे बाळाबाईंकडं बघू लागले. एका बाजूला पोराचं लग्न, दुसऱ्या बाजूला तो दगड. बाळाबाईंनी एकदा पाट्याकडं नजर टाकली.

"व्हय," त्या म्हणाल्या. "वरवंटा चिमणीचाच हाय."

बाळासोंनी पायातल्या चपला परत काढल्या. "आमच्याकडं," ते हळू म्हणाले, "उखळ थोरल्याकडं हाय आणि मुसळ माझ्याकडं. धा वर्सं झाली." आणि पाणी मागून घेतलं.

चिमणाबाई वरवंटा घेऊन निघाल्या. दारात बाळाबाईंनी त्यांना अडवलं. "त्या दिवशी माझ्या दारात काय करत हुतीस? वरनं दिसलीस मला."

"तुझ्या तुळशीम्होरं दिवा लावला," चिमणाबाई म्हणाल्या. "म्हटलं, परत येऊ दे थोरली. तू न्हाईस तर भांडू कुणाशी? म्हशीशी?"

पाहुणे जेवायला थांबले होते. बाळाबाईंनी हंबीररावाला पाटा उचलायला सांगितला.

"कुठं न्हेऊ?"

"वरवंट्याकडं."

त्या दिवशी सगळे चिमणाबाईंकडं जेवले. बाळासोंनी चटणी तीनदा मागून घेतली, आणि लग्न आहे त्याच तिथीला होईल असं सांगून उठले.

पुढल्या वर्षी बाळाबाईंच्या घरात हंबीररावाच्या मुलाचं बारसं झालं. सून बाळाला घेऊन पाळण्यापाशी आली, बायका गोळा झाल्या. पेढ्यासाठी आलेल्या दत्तोपंतांनी मोठ्या आपुलकीनं विचारलं, की हा दुसरा ना? सुनेनं लाजून सासूबाईंकडं बघितलं. बाळाबाई बाळाला पाळण्यात घालायला वाकल्या, तोच चिमणाबाईंनी त्यांचा हात धरला. त्यांच्या काखेत लाल काठाची कुंची होती.

"थांब, आक्का," त्या म्हणाल्या. "आधी थोरल्याला."